गोदाबाईंचा तिसरा हात

१२ जानेवारी, रविवार. अमरावती.
आजपासून लग्नाचे व्हिडिओ बंद. यापुढे फक्त थ्री-डी. माणूस मधोमध हलणार, चहूबाजूंनी कॅमेरे शूट करणार, कॉम्प्युटर त्याचं मॉडेल बांधणार. मग स्क्रीनवर तो माणूस कुठूनही फिरवून बघा. अकोल्याचा ललित हे करतो म्हणे. कॉलेजात माझ्यासोबत होता, तेव्हाही मी त्याला मोजत नव्हतो.
बायकोने, म्हणजे नीलमने, एवढंच विचारलं की लग्नवाल्यांना काय सांगू. व्हिजन नाही.

१५ जानेवारी
विषय ठरला. दर्यापूरच्या गोदाबाई. सत्तरी ओलांडली, तरी दोन्ही हातांत दांडपट्टे घेऊन अशा फिरतात की मधली बाई दिसत नाही. सासऱ्याकडून शिकल्या. पुढे कोणालाच येत नाही. गुडघे गेलेत, आता एखाद्या वेळेसच खेळीन म्हणतात. म्हणजे इतिहास माझ्या हातात.

१९ जानेवारी
स्टुडिओतले कॅमेरे कमी पडतात म्हणून नातेवाइकांचे मोबाईल गोळा केले. साळ्याने देताना तोंड वाकडं केलं. लक्षात ठेवीन.
ललितचा फोन. आधी सगळ्या कॅमेऱ्यांना चौकड्यांचा बोर्ड दाखव, म्हणजे कोण कुठे उभा आहे ते कॉम्प्युटरला समजतं. आणि सगळे एकाच क्षणी सुरू कर. मला शिकवतो! फोन कापला.

२६ जानेवारी, शूट
बोर्ड दाखवला नाही. मुद्दाम.
गोदाबाई अफाट खेळल्या. नीलमच्या डोळ्यांत पाणी. ऐन रंगात साळ्याच्या मोबाईलवर त्याच्या बॉसचा फोन. शत्रू घरातच असतात. शेवटी गोदाबाई गुडघा धरून खाली बसल्या. पुन्हा जमन असं वाटत नाई, म्हणाल्या. पुन्हा लागणारच नाही, मी म्हणालो.

२ फेब्रुवारी
मॉडेल तयार. हात तीन. डोकं नाही. पट्टा हवेत एकटाच. नीट पाहिलं तर यात एक मॉडर्न विचार आहे.
गोदाबाई बघायला आल्या. काहून रे बापू, म्हणाल्या, माह्यं मुंडकं कुठी ठेवलं? कलेतलं समजावून सांगितलं. तर म्हणतात, तिसरा हात खरा असता तं आता तुह्या कानाखाली बसला असता. अडाणी.
जाताना मात्र जिन्यावर बराच वेळ थांबल्या. नीलमला म्हणाल्या, इतकं खेळली, वायाच गेलं व माय.
वाया काय? मी आहे ना.

९ फेब्रुवारी
दगा! नीलमने ललितला फोन केला. माझ्या घरातून, माझ्या वायफायवर. गोदाबाई म्हणे गुडघ्याला तेल लावून आणखी एकदाच खेळणार, अकोल्याला. नीलमशी बोलणं बंद. तिला अजून कळलेलं दिसत नाही.

१६ फेब्रुवारी, अकोला
स्वतः जाऊन धडा शिकवला. कॅमेऱ्यांच्या रिंगणात सरळ शिरलो. बोट रोखून सगळ्यांना सुनावलं की ही बाई माझा शोध आहे आणि ललित चोर आहे. ललित नुसता कॉम्प्युटरकडे बघत होता. घाबरला. गोदाबाई म्हणाल्या, बाजूले सरक, पट्टा लागन. सरकलो.
त्या खेळल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. थोडं पाहिलं. बरं होतं.

२३ फेब्रुवारी
ललितने फाइली पाठवल्या. पहिलीत गोदाबाई. वरून, खालून, मागून फिरवल्या. मनगट कुठे वळतं, पाय कधी उचलतो, सगळं आहे. संध्याकाळपर्यंत चूक शोधली.
दुसरीत मी. कॅमेरे आधीच सुरू होते, हे मला कोणी सांगायला नको? बोट, पोट, उघडं तोंड, कुठेही तुटलेलं नाही. डोक्यामागे टक्कल आहे. आजवर माहीत नव्हतं. नीलमने मला हळूहळू चारी बाजूंनी फिरवलं. गोदाबाईंचा फोन आला. गावातल्या पोरींना शिकवायला त्या आपली फाइल लावणार आहेत. ललितने त्यांना माझीही दाखवली म्हणे. मांगून तं तू लय गरीब दिसते रे, म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
नीलमला म्हटलं, डिलीट कर.
ती म्हणाली, राहू द्या. तुमच्या स्टुडिओत इतकं चांगलं कधी बनलं नाही.