पाटी लावून फरार

आदरणीय श्यामसुंदरराव यांस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे बसल्या जागेवरूनच). आपली साखर आटोक्यात असेल आणि आपल्या मांजरी गावात उसापेक्षा इमारतीच जोमाने वाढत असतील. दिवाळीत आम्ही उभयतां आपल्या दारात बेल वाजवत राहिलो, आत पंखा फिरत होता आणि आपण घरात नव्हता, तो विषय मी मुळीच काढत नाही.

पत्रास कारण, मी फरार झालो आहे असा अहवाल कोर्टात गेला आहे. आपल्याला आठवत असेलच (जामीन म्हणून सही आपलीच आहे) की सोसायटीच्या सभेत आमचे सेक्रेटरी यज्ञेश्वर यांच्या डोक्याशी माझ्या छत्रीचा संबंध आला. जज्जसाहेबांनी वयाकडे बघून मला येरवड्याला न धाडता वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. अट एवढीच, की देखरेख करणाऱ्या परिवीक्षा अधिकारी शर्मिलाबाईंना कळवल्याशिवाय राहतं घर सोडायचं नाही. मी कुठे सोडलं? घरानेच मला सोडलं. ज्या पुनर्विकासावरून छत्री चालली तो यज्ञेश्वराने करून दाखवला, इमारत पाडली आणि आम्ही हिंजवडीला चिरंजीव सौमित्रकडे सामान हलवलं.

जाताना दूधवाल्याला सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं. बाकीच्यांसाठी फाटकावर सुवाच्य अक्षरात पाटी लावली : 'आम्ही कोठे गेलो ते संबंधितांना ठाऊक आहे. इतरांनी चौकशी करू नये.' शर्मिलाबाई नेमक्या चौकशीलाच आल्या. संबंधित असून ठाऊक नसलेल्या त्या एकट्याच निघाल्या. त्यांनी पाटीचा फोटो काढून अहवालाला जोडला.

आमची वकील ऋचा (पुतण्याची मुलगी, फी घेत नाही, त्यामुळे बोलते फार) म्हणते, नुसता पत्ता बदलला म्हणून कोणी फरार ठरत नाही. न कळवणं हा अटीचा भंग, तो वेगळा. सापडू नये या हेतूने दडून बसला, तो फरार. अंतराचा काही संबंध नाही. उघडपणे काशीला गेलेला फरार नव्हे, पण स्वतःच्याच घरात आतून कडी लावून बसलेला असू शकतो. सरोजिनी म्हणाली, "मग आमचे हे लग्नापासूनच आहेत." पण सोमवारी तारीख आहे, आणि पाटीत जज्जांना तो हेतू दिसला तर छत्रीची मूळ शिक्षा होऊन येरवडा ठरलेलाच.

बाईंना हिंजवडीचा पत्ता दिला की मिटलं असतं. पण तिथे फाटकावर पाहुण्याला कामाचं कारण सांगावं लागतं, आणि 'वडिलांची वर्तणूक तपासणे' हे कारण सोसायटीच्या ग्रुपवर जाईल म्हणून सौमित्र म्हणाला, "बाबा, प्लीज, त्यांना इथे नको." वाईट वाटलं. त्याच्या एकेक प्रगतिपुस्तकावर मी मुकाट्याने सही केली होती. माझ्या प्रगतिपुस्तकाला त्याच्या घरात जागा नाही. लपवतोय तो आणि फरार मी. असो. ताईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (बंधपत्रात तसं लिहूनच दिलं आहे),
गोपाळकृष्ण

ता. क. – राहण्याचा पत्ता म्हणून शर्मिलाबाईंना आपला मांजरीचा पत्ता कळवला आहे. आम्ही शुक्रवारी सामानासह येतो. शनिवारी त्या खात्री करायला येतील. चहा बिनसाखरेचा घेतात, म्हणजे आपली सोयच झाली.

पुन्हा ता. क. – त्या बेल एकदाच वाजवतात आणि मग पंख्याचा आवाज ऐकतात (मीच सांगून ठेवलं आहे). अगदीच बाहेर जायचं ठरवलंत, तर दारावर पाटी लावू नका. फोटो फार स्पष्ट येतो.