लाँड्रीशेजारची मंडळी

३ जानेवारी
बिशपसाहेब म्हणाले, "माझ्यानंतर तुमचंच नाव घेतात सगळे. पण तुम्ही एखाद्या चर्चची मंडळी सांभाळली आहे का कधी?" वीस वर्षं मुख्य कार्यालयात काढली! पाळकांच्या बदल्या मी केल्या, नियमावली मी लिहिली, नोटिसा मी धाडल्या. मंडळी — एकही नाही. "सहा महिने एका चर्चचे पाळक होऊन या. मग बघू."
अपमानच की हा! घरी सांगितलं तर ही हसली. "बरं झालं. माणसांत राहाल जरा."

१० जानेवारी
चर्चची भिंत आणि लाँड्रीची भिंत एकच. भट्टीची वाफ खिडकीतून आत येते. उपासनेला चौतीस माणसं, ढगात बसल्यासारखी. मी पन्नास मिनिटं बोललो. दोघं पेंगले. बोलायचं नसतं तर मीही पेंगलो असतो.

२४ जानेवारी
लाँड्रीवाले नवरा-बायको एकाच बाकावर बसतात, पण दोन टोकांना. त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली, आठ महिने झाले. एकवीस वर्षांची. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलतात म्हणे.
आज भेटायला गेलो, दुःखावरचा माझा छापील लेख घेऊन! लाँड्रीवाल्यानं तो न बघताच शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवला. म्हणाला, "ते राहू दे, पाळकसाहेब. बसा जरा."
बसलो.

१७ फेब्रुवारी
रोज दुपारी बसतो. कुणी बोलत नाही. इस्त्री पुढे जाते, मागे येते. वाफेत समोरचा रस्ता तरंगतो, माणसं पायांशिवाय चालल्यासारखी दिसतात. दोन तास कुठे विरघळले कळलं नाही. कार्यालयात मी याला वेळ वाया घालवणं म्हटलं असतं!

५ मार्च
इस्त्री थांबवून तो बोलला. "त्या दिवशी सकाळी दुकानात येऊन म्हणाली — बाबा, डॉक्टरकडे जाऊ या का? मी म्हणालो, आज गर्दी आहे, उद्या जाऊ." मग बराच वेळ कॉलर सारखी करत राहिला. "हिला ठाऊक नाही. सांगू नका."

१२ मार्च
आज लाँड्रीवाल्याची बायको चर्चमध्ये एकटीच आली. "त्या दिवशी दुपारी पोरगी म्हणाली, आई, डॉक्टरकडे जाऊ या का? मी म्हटलं, झोप, उद्या जाऊ." आणि — "यांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. सांगू नका."
तेच शब्द! दोघंही एकच धोंडा उरावर घेऊन एका छपराखाली, आणि दोघांना वाटतं आपला एकट्याचाच. मी मधे, तोंडाला कुलूप. नियमावलीत याला कलम नाही. दोघांना एवढंच म्हटलं, "हे घरात बोला." दोघांनीही मान हलवली — नकाराची.

२ एप्रिल
भलीमोठी चादर घडी करायची होती. नोकर रजेवर. बाईंनी एक टोक मला दिलं. मी उलटंच वळवलं, चादरीला पीळ बसला. "अहो, चादर आहे, दोरखंड नाही!" असं म्हणत लाँड्रीवाल्यानं टोक माझ्या हातातून घेतलं. मी बाजूला झालो.
दोघं चादर धरून एकमेकांकडे चालत आले. लांब गेले. पुन्हा आले. वाफ, पांढरं कापड, दोन पावलांचं अंतर. अगदी जवळ आल्यावर ती म्हणाली, "मीच म्हणाले तिला. उद्या जाऊ."
तो थिजला. "तू? अगं — मी म्हणालो!"
मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. आतून दोघांच्या रडण्याचा आवाज. दहा महिन्यांत पहिल्यांदा — एकत्र.

२९ जून
बिशपसाहेबांना पत्र लिहिलं: मला पद नको, इथेच राहू द्या. लाँड्रीवाल्या बाईंना सांगितलं तर खूश होतील वाटलं. त्या कडाडल्या — "म्हणजे आमच्यापाशी शिकलात, आणि ते आमच्यापुरतंच ठेवणार? आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत. तिथल्या पाळकांना कोण विचारतं?"
पत्र खिशातच राहिलं.

१८ ऑगस्ट
बिशप म्हणून पहिला दिवस. टेबलावर पहिलीच फाईल — एक पाळक चार महिने बैठकांना फिरकलेला नाही, नोटिशीवर सही हवी. सही न करता गाडी काढली. पाच तास. दार त्या पाळकानंच उघडलं, दाढी वाढलेली, मागे खाटेवर बायको, नाकाला नळी. त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "साहेब, नोटीस कुठाय?"

याआधी, वीस वर्षांत, अशा किती दारांवर मी कागद पाठवला?