वर्ग उभा राहत नाही

सोमवार, ५ तारीख

ही वही ताईने देऊन महिना होत आला. रोज लिहिलंस तर डोकं ठिकाणावर राहील, असं तिचं म्हणणं. मी रोज उद्यावर ढकललं, मग वहीच हरवली, मग ती उशीखालीच सापडली. पण आज लिहिण्यासारखं आहे. मला नोकरी लागली, तीही माझ्याच जुन्या शाळेत. चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागी. ट्रकवर क्लीनर झालो, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बंदरावर बोटींवर नावं काढली, आणि शेवटी हातात खडू. ताई म्हणते, वर्षभर टिकलास तर मी मिशा लावून फिरेन.

फाटक आता निळं केलंय. खालचा हिरवा रंग न खरवडताच वर हात मारलाय, पोपडे येणारच. पण ते असो. शिपाई तोच, आमचा घंटाकाका. त्याने मला लगेच ओळखलं आणि पहिलं काय सांगितलं, तर शर्ट आत खोच. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या पुढच्या शुक्रवारी माझा तास बघायला येणार. वर्ग सांभाळता आला तर पुढचं वर्षही माझं.

वर्ग आठवीचा. माझी शाळा आठवीतच सुटली. गणिताचा तास चालू होता, घंटाकाका दारात आला, म्हणाला मामा न्यायला आलाय. बाबा सकाळी सायकलवरून कामाला गेले होते, ते परत येणार नव्हते. मी उठलो तो परत या शाळेत आलोच नाही. फळ्यावरचं गणितही तसंच राहिलं. आनंदाच्या दिवशी हे कुठे काढून बसलो.

बुधवार, ७ तारीख

आठवीची मुलं उभी राहत नाहीत. बाकीचे मास्तर, बाई आत शिरले की अख्खा वर्ग उठतो आणि "बसा" म्हणेपर्यंत बसत नाही. मी गेलो की ढिम्म. दंगा नाही, काही नाही, हाताची घडी घालून दाराकडे बघत बसतात. मी बाहेर जाऊन पुन्हा आत आलो, खाकरलो. शेवटी विचारलं. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, सर आले की उभे राहू ना. मी म्हटलं, मीच सर. ती हसली असती तर निदान रागावता आलं असतं.

कपाटाची किल्ली मिळत नाही. खडू मागितले तर तुकडे मिळाले. शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची नाही, खिडकीला टेकून चहा पितो. वैताग आहे नुसता.

शुक्रवार, ९ तारीख

आज उभे राहिले. मी फळ्यावर फुलदाणी काढत होतो, मागे बाकांचा खडखडाट झाला. ऐटीत वळलो. पण एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. नजरा दारावर होत्या. मग त्या हळूहळू सरकत माझ्या बाजूने खुर्चीपाशी आल्या. आणि मी तोंड उघडायच्या आत सगळे एकदम खाली बसले.

बसा, असं मी म्हटलं नव्हतं.

मस्करीच. कार्ट्यांना कोणीतरी शिकवलंय.

सोमवार, १२ तारीख

मुद्दाम खुर्चीत बसलो. बसायची जागा गरम होती. कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. सकाळचा पहिला तास होता.

चित्र काढा म्हणून घसा कोरडा केला. सगळे गणित सोडवत होते. टाकीला दोन नळ, एक भरतो, एक रिकामी करतो. हे आमचं गणित. त्या दिवशी फळ्यावर राहिलेलं. आमच्या गणिताच्या कंपास मास्तरांनी घातलेलं. खिशात कायम कंपास, येताना भिंतीवर ठकठक करत यायचे. मास्तर वारून कितीतरी वर्षं झाली. या मुलांचा तेव्हा जन्मही नव्हता.

मोठ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, वर्ग तुम्हालाच सांभाळायचाय. घंटाकाकाला विचारलं, तर घंटा पुसत म्हणाला, मास्तर काही अर्धवट सोडत नाहीत.

सोडत नाहीत म्हणाला. सोडत नसत, असं नाही.

मंगळवार, १३ तारीख

खिडकीजवळचा तिसरा बाक रिकामा असतो. माझा होता. एकाला तिथे बसवलं, तो लगेच उठून मागे गेला. म्हणाला, ही जागा रिकामी नाही.

चित्रं तपासायला मीच त्या बाकावर टेकलो, मिनिटभर. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा माझ्या हातात चित्रं नव्हती. गणित होतं. अर्धं सोडवलेलं, माझ्या अक्षरात.

गुरुवार, १५ तारीख

भाषेच्या बाईंनी व्हरांड्यात अडवलं. तास चालू असताना बाहेर काय करतोस म्हणाल्या. परवापर्यंत अहो-जाहो करत होत्या.

ताईला म्हटलं, सोडतो ही नोकरी. ती चिडली. एकदा तरी काहीतरी पूर्ण कर, म्हणाली.

उद्या मोठ्या बाई येणार. उद्या वर्ग माझ्यासाठी उभा राहिला पाहिजे. एवढंच. मग—

शुक्रवार, १६ तारीख

वही बाकाखाली धरून लिहितोय.

फळ्यापाशी उभा होतो, हे नक्की. मग भिंतीवर ठकठक. वर्ग उभा राहिला. मीही. तिसऱ्या बाकाशी.

मोठ्या बाई मागे बसल्यात. खुर्चीकडे बघून मान डोलावतायत, खूश आहेत. मी म्हटलं, बाई, सर मी आहे— आवाज बारीक निघाला.

खुर्चीतून आवाज आला, "बस."

बसलो.

शर्टाच्या बाह्या बोटांवर आल्यात. टाकी भरत नाही. परत पहिल्यापासून—

घंटाकाका दारात. खुर्चीकडे बघून परवानगी मागतोय. मग माझ्याकडे बोट.

"याला न्यायला आलेत."

मामा का, विचारलं. नाही म्हणाला.

खिडकीतून फाटक दिसतं. हिरवं. सायकलची घंटी वाजतेय, ओळखीची—

मास्तर म्हणतात गणित झाल्याशिवाय कोणी—

बाबा आलेत. फाटकाशी एक पाय टेकवून उभे, मला हात—