मूठ म्हणजे टाकायचा नाही

१६ जाने. २०२२, मढ
ओठ फुटलाय. कालवण झोंबतंय. खालच्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत माझी पहिली ओव्हर संपायच्या आत त्यांचा कॅप्टन स्टंप उपटून धावत आला. "ह्यो बॉलिंग करतोय का धोंडं मारतोय? फेकतोय राव, फेकतोय!" अंपायर त्यांचाच. मी म्हणालो, कोपर वाकतं तर वाकतं, तू उभा राहून दाखव. मग झाली सुरुवात. मीपण एकाला खाली घेऊन चांगला तुडवला.
सोडवायला एक सर आले, जुन्नरला कॉलेजात खेळ शिकवतात. माझा खांदा दाबून बघितला, बैल बघावा तसा. "एक खेळ आहे, त्यात असंच फेकायचं असतं. सोमवारी ये." येडा माणूस दिसतोय. जाणार आहे.

२ मार्च
बेसबॉल. मी पिचर. म्हणजे मातीच्या उंचवट्यावर उभं राहून समोरच्या बॅटवाल्याला चकवत चेंडू टाकायचा. कातडी चेंडू, लाल शिवण, आत पक्का. हा लागला तर ओठावर भागणार नाही.
सरांनी विचारलं, नेम कुठे शिकलास? भाताच्या खाचरातली माकडं हाकलून, दुसरं कुठे. आणि ताई. लहानपणी ताई हाताला गोणपाट गुंडाळून समोर उकिडवी बसायची. आबा, म्हणजे वडील, झोपलेले, बोलायची सोय नाही, म्हणून तिच्या खुणा. एक बोट, जोरात. दोन बोटं, हळू. मूठ, टाकायचा नाही. इथला कॅचर बाप्या, माझा चेंडू झेलणारा, तोपण मांडीआड बोटं दाखवतो. मला हसूच आलं. ताईला फोन करून सांगितलं. म्हणाली, "मग मला बी घ्या की टीममधी."

२१ डिसें. २०२३
राज्याकडून खेळलो. त्यांचा एक जण पहिल्यापासून शिव्या देत होता, आईवरून. बाप्याने खूण केली, आत टाक. आत म्हणजे अंगाकडे. बरगडीत बसला. आवाज माझ्यापर्यंत आला. तो गुडघ्यावर, तोंड उघडं, श्वास नाही.
वाईट वाटायला पाहिजे होतं. बरं वाटलं. आत्तासुद्धा वाटतंय.
बाप्या सगळ्यांना सांगत फिरतोय, "ह्याचा चेंडू कधी चुकत न्हाई." सर रागावले. पण शेवटी तेही म्हणाले की वेगवाले लई मिळतात, तुझं पोट या कंट्रोलवरच भरणार आहे.

५ फेब्रु. २०२५
ताई आली. सासरहून, कळंबहून, एकटी, दुपारच्या एस.टी.ने, पिशवी घेऊन. डाव्या कानामागे काळंनिळं. "गोठ्यात घसरले." दाजींच्या गोठ्यात गेली दोन वर्षं जनावर नाही, ट्रॅक्टर लावतात तिथे.
आईने चहा टाकला. मग ताईच बोलली, "आता मी जायची न्हाई."
लग्नात कानपिळीला मीच दाजींचा कान पिळला होता. बहिणीला नीट सांभाळ म्हणून पिळायचा असतो. सगळे हसले, मला शर्टपीस मिळाला. तो शर्ट आज चुलीत घातला. आई ओरडली. ओरडू दे.

१८ मार्च
परदेशातल्या बेसबॉल लीगने माझं नाव निवडलंय! आमच्या खेळाच्या व्हिडिओवरून. मे महिन्यात पुण्याला शेवटची चाचणी, जमली तर करार. पासपोर्ट लागणार, म्हणजे पोलीस पडताळणी. सरांनी तीनतीनदा बजावलं, "नावावर केस नको. भांडण दिसलं की तोंड फिरवून निघायचं." हो म्हणालो.
ताईने गावभर साखर वाटली. ती हसताना कान झाकते.

१० एप्रिल
यात्रा.
दाजी आले. जावई म्हणून. आबांनी त्यांना फेटा बांधला, नारळ दिला. गावच्या रिवाजात जावयाचा मान चुकवायचा नाही, मग त्याने काहीही केलेलं असो. आबा मला म्हणाले, पाया पड. पडलो. दाजींच्या तोंडाला वास येत होता. "उद्या हिला घिऊन जातो," म्हणाले, "लई झालं माहेरपण." आबा मान डोलावत होते. मला आबांचाही राग आला, जास्तच.
दुपारी मैदानात सरपंचांनी माझा खेळ ठेवला. नाथाचा, म्हणजे माझा, चेंडू जो मारील त्याला बोकड. बाप्या कॅचर. सात-आठ जण येऊन हवेत बॅट फिरवून गेले. मग लाउडस्पीकरवर, "आन् आता आपले जावई, कळंबचे पावणं! टाळ्या!" फेटा तसाच. हातमोजे नाहीत, काही नाही. बाप्या कुजबुजला, "हळू टाक, पावणं हायेत."
त्याने दोन बोटं दाखवली.
त्याच्यामागे बायकांच्या घोळक्यात ताई. ती माझा चेहरा ओळखते. तिने हात पोटाशी धरला होता. मूठ. घट्ट.
मी मान हलवली, नाही म्हणून. दोघांनाही.
डोकं नको होतं मला. फेट्याकडे बघितलंसुद्धा नाही. बॅटच्या दांड्यावरचा उजवा पंजा. काठी मोडावी तसा आवाज. दाजी गुरासारखे ओरडले, मातीत लोळले. बोटं उलटी वळलेली, एक हाड कातडीबाहेर. फेटा सुटून पायात आला. लोक म्हणाले, सुटला, सुटला, हातातून सुटला बिचाऱ्याच्या.
माझ्या अंगात असं काही आनंदाचं भरलं होतं की मला माझीच भीती वाटली.

११ एप्रिल
नारायणगावला दवाखान्यात गेलो. पंजात सळ्या घातल्यात. दाजींनी सगळ्यांना बाहेर काढलं, आम्ही दोघं आणि ताई. "सुटला न्हाई तुझ्या हातून. तूच टाकला." मी सळ्यांकडे बघत होतो. "तुझा बाप्याच गावभर सांगत फिरतोय ना, कधी चुकत न्हाई म्हनून? तेच सांगतो पोलिसात. मग बघू कुठला पासपोर्ट." मग ताईकडे बघून, "न्हाईतर हिला म्हनावं, गप घरी चल."
मी त्यांच्या गळ्याकडे गेलो होतो. ताई मधे आली. "चला," ती त्यांना म्हणाली. "मी येते."
बाहेर व्हरांड्यात मी तिचा दंड धरला. म्हणालो, मरू दे पासपोर्ट. तिने हात सोडवून घेतला. "मूठ दाखवली व्हती ना तुला? दिसली व्हती ना?"
दिसली होती.

२ मे
ताईचा फोन. दाजींना ती घास भरवते, शर्टाची बटणं लावते. मी विचारलं, आता तरी मारत नाही ना? उजवा तर गेलाय. तिकडे तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग, "डाव्या हाताला बी सवय व्हती रे."
घरामागच्या भिंतीवर चेंडू मारत बसलो, खांदा भरून येईपर्यंत. विटेचा टवका उडाला. आई दारात उभी राहून रडत होती. मी थांबलो नाही.

९ मे
पडताळणी झाली. हवालदाराने विचारलं, "काही केसबिस?" नाही म्हणालो. त्याने चेंडू टाकायची ॲक्शन करून दाखवली, हसला, "नाव काढा तालुक्याचं." मी सही करून निघालो.

२३ मे, एस.टी.त
उद्या सकाळी पुण्यात चाचणी. जाताना कळंब लागतं, म्हणून ताईला कळवलं होतं. स्टँडवर आली, भाकरीचं गाठोडं घेऊन. खिडकीतून दिलं. गालावर वळ. या वेळी उजव्या. "चल माझ्याबरोबर, आत्ता, बस गाडीत," मी म्हणालो. तिने गाठोड्याकडे बोट केलं. "ठेचा हाय त्यात. खांदा दुखला तर शेकून घी."
पलीकडे टपरीवर दाजी उभे होते. गळ्यात अडकवलेला हात, दुसऱ्या हातात चहा. माझ्याकडे बघून ग्लास वर केला.
गाडी हलली. ताईने हात पदराआड घेतला, खाली, कॅचर धरतो तसा. मला वाटलं, मूठच असणार.
एक बोट होतं.
जोरात. पण कुठे टाकायचा, ते तिच्या खुणांमध्ये पहिल्यापासूनच नव्हतं.
चेंडू मांडीवर घेऊन बसलोय. पुढचा थांबा मंचर. तिथून कळंबला परतायला गाडी कधीही मिळते.