गिटारीतला कापूस

जालना,
२० नोव्हेंबर २००५

प्रिय भुजंग,

तुझं कार्ड परवा मिळालं. "अक्का, ती गिटार भंगारात दे नाहीतर कुणालाही देऊन टाक, पण रेणूच्या हातात देऊ नकोस. त्या लाकडानं माझं हसं केलं, पोरीचं होऊ देणार नाही." एवढंच. पोस्टमननं ते वाचलेलं दिसलं, कारण हातात देताना तो म्हणाला, "बाई, गिटार इकायची हाय का?" अरे, पाकीट घ्यायला काय झालं होतं तुला? फोन केला असता, पण फोनवर तू दोनदा "बरं, बरं" म्हणतोस आणि बेबीनंदाच्या हाती देऊन मोकळा होतोस. तेव्हा तुझ्या दोन ओळींना माझं हे लांबलचक उत्तर. एका बैठकीत वाच. मधेच उठून अंगणात जाऊ नकोस, मला तुझी सवय माहीत आहे.

दिवाळीनंतर औरंगाबादच्या वसतिगृहावर परतताना तुझी लेक दोन दिवस माझ्याकडे उतरली, हे तुला ठाऊक आहेच. कपाटावरची गिटार तिनंच खाली काढली. मी दर दसऱ्याला तिची खोळ धुते, पण बावीस वर्षांत तारांना हात लावला नव्हता. नव्या तारा रेणू दिवाळीच्या सुट्टीला येतानाच औरंगाबादहून घेऊन आली होती, म्हणजे मनात आधीच ठरवलेलं. शिवाय मैत्रिणीकडून मागून आणलेला एक लाल डबा. घेवड्याच्या दाण्यासारखा आकार, वर ओळीनं बटणं. त्यात म्हणे बत्तीस ॲम्प्लिफायर आहेत. खरे नाहीत, त्यांच्या नकला. बटण फिरवलं की डबा एकाचा आवाज सोडून दुसऱ्याचा घेतो. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि वाजवत गेली. त्यातले निम्मे आवाज मला लोखंडाच्या कारखान्यासारखे वाटले. ती म्हणाली, "आत्या, हे भरीव गिटारींसाठी. आपली पोकळ आहे. हिला सगळं कमी लागतं." मग तिनं एक साधा, हलका आवाज निवडला, खर्ज थोडा कापला, आणि भुजंग, मी डोळे मिटले. तो मधासारखा, थोडा लाकडाचा वास असलेला आवाज. आपल्या केदारखेड्याच्या घराच्या ओसरीवर बसून तू वाजवायचास तोच, थोडा इस्त्री केल्यासारखा.

ती गिटार घरात आणली मी, हे बाबा शेवटपर्यंत विसरले नाहीत. कॉन्व्हेंटातली माझी मैत्रीण आयरीन, तिचे वडील सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते. ते घर आवरून ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा म्हणाले, तुझा भाऊ वाजवतो ना, घेऊन जा. एक्याऐंशीच्या मे महिन्यात मीटरगेजच्या गाडीत मी ती मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई सारखी विचारत होती, "लेकरू का एवढं मोठं गुंडाळलंय?" आपल्या दारात उतरल्यावर रामराव पाटलांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, गिटारीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "कॉन्व्हेंटनं पोरगी बिघडवलीच, आता पोरगं बिघडवा." तेव्हा मी बत्तीस वर्षांची, जालन्यात शिक्षिका, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. बाबांनी ते चालवून घेतलं होतं, मान्य केलं नव्हतं. प्रत्येक सणाला नोकरी सोडण्याचा विषय निघायचा.

आणि मग तुला इब्राहीम भेटला. इथल्या कादराबादच्या गल्लीत भोंगे आणि माइक भाड्यानं देणारा, पिंजाऱ्याचा मुलगा. फिरत्या टॉकीजचा मोडका ॲम्प्लिफायर त्यानं कुठून तरी आणला, त्यात जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह बसवले, फळ्यांचा खोका ठोकला आणि तुझ्यासाठी ॲम्प तयार केला. चालू केल्यावर तो लगेच बोलायचा नाही. आधी आत पिवळा उजेड पडायचा, मग हळूहळू जागा झाल्यासारखा गुणगुणायचा. तुम्ही दोघं त्याच्यासमोर उकिडवे बसून वाट बघायचात, चुलीवरच्या चहाची बघावी तशी. रेणूच्या डब्यातल्या बत्तिसांत तसा उशिरा जागा होणारा एकही नाही, मी विचारलं.

तक्रार एकच होती. आवाज वाढवला की गिटार घुमायची. तू वैतागून दोन्ही वस्तू इब्राहीमच्या दुकानात टाकून आलास. दोन दिवसांनी त्यानं परत दिल्या, "झालं बराबर," एवढंच म्हणाला. काय केलं ते त्यानं सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. ॲम्प दुरुस्त झाला असं आपण सगळ्यांनी धरून चाललो.

आता राजूरची अंगारकी. तुला त्या दिवसाची आठवण करून द्यायची गरज नाही, पण त्याची सकाळ तुला माहीत नाही. बाबा पहिल्यांदाच तुझं वाजवणं ऐकायला येणार होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक कार्यक्रम बघीन. पटलं तर औरंगाबादच्या ऑर्केस्ट्रात जा, न्हाई तर माझं ऐक. पिंपळगाव रेणुकाईचे पाहुणेही तुला बघायला तिथंच येणार होते. तू आंघोळीला गेला होतास. मी म्हटलं, पोराची वस्तू जरा पुसून ठेवावी. सिस्टर लोकांनी आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या, स्वच्छता आणि क्रोशाचं विणकाम. पुसता पुसता पोटावरच्या त्या दोन वाकड्या फटींतून पांढरं काहीतरी दिसलं. कापूस! मला वाटलं, प्रवासात मार लागू नये म्हणून गार्डसाहेबांनी भरलेला, आणि आमचं ध्यान दोन वर्षं तसंच वाजवतंय. मला हसू आलं, तुझी दयाही आली. म्हटलं, आज बाबा ऐकणार, आज हिचा गळा मोकळा करू. क्रोशाची सुई आत घालून मी एकेक झुपका ओढून काढला. ओंजळी भरभरून निघाला. इतका स्वच्छ, इतका एकसारखा पिंजलेला, की आईच्या हाताला राहवेना. तिनं तिथंच बसून त्याच्या फुलवाती वळल्या. "देवाला लावू, लेकराचं चांगलं होईल," म्हणाली. दुपारी राजूरच्या गणपतीपुढं तुझ्या नावानं ज्या वाती लावल्या, त्या त्याच कापसाच्या होत्या.

भुजंग, आपल्या घरातला कापूस सरकीसकट पोत्यात असायचा. असा पिंजलेला कापूस आपल्या ओळखीत एकाच घरी होता. मला तेव्हा सुचायला हवं होतं.

पुढचं तू भोगलंस. दुपारी चारची वेळ, ट्रॉलीवर केलेलं स्टेज, पुढं खुर्चीत बाबा, एवढी गर्दी म्हणून आवाज वाढवलेला. पहिल्याच सुराला गिटार हंबरली आणि थांबेचना. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "म्हैस अडली का रं?" आणि सगळा माळ हसला. तू तारांवर हात दाबत होतास, ती जास्तच घुमत होती. मग तू माइकवरून, सगळ्यांदेखत इब्राहीमला म्हणालास, "भंगारवाल्या, तुझ्या डबड्यानं माझी इज्जत घेतली." त्यानं ॲम्प बंद केला. वाकून गिटार तुझ्या हातून घेतली, तिच्यावरून एकदा हात फिरवला, माझ्या हाती दिली, आणि वायरी गुंडाळायला लागला. बाबा खुर्चीतून उठले. तू महिन्याभरात पुण्याला नोकरीवर गेलास. पाहुण्यांनी मुलगी तरीही दिली, हे नवल. बेबीनंदा अजून सांगते, "ह्यांचा पहिला आवाज म्या ऐकला तो तसला, तरी बी मी हो म्हन्ले." तू हसत नाहीस म्हणून ती हल्ली सांगत नाही.

आता दिवाळीनंतरची गोष्ट. रेणूनं हेडफोन काढले आणि तो लाल डबा माझ्या मोठ्या स्पीकरला जोडला. समोर बसून आवाज वाढवला आणि माझ्या बैठकीच्या खोलीत राजूरची म्हैस हंबरली. माझ्या हातातली कपबशी पडली. ती मात्र शांत. "आत्या, पोकळ गिटार अशीच करते. स्पीकरचा आवाज हिच्या पोटात शिरतो, पोट हलतं, तारा हलतात, तोच आवाज परत स्पीकरला जातो. फटी बुजवल्या की झालं. कापूस आहे का घरात?" मी औषधाच्या पेटीतला गुंडाळा आणून दिला. तिनं तो भरला, परत तेवढाच आवाज ठेवून वाजवलं. गिटार गप्प, नुसते सूर. मी फुटलेली बशी गोळा करत खालीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी कादराबादला गेले. दुकानात आता त्याची मुलं मोबाइल आणि सीडी विकतात. इब्राहीम मागच्या बाजूला स्टुलावर बसतो, दाढी पांढरी झालीय. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "बसा, आपा. मला तवाच कळ्ळं होतं. मी फटीत बोट घातलं, आत काईच न्हाई. वर बघितलं तर तुमी उभ्या, हातात आरतीचं ताट." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तुमचे अब्बा तवा कुणाकडं तरी बोट दाखवायला बघून राह्यले होते. माझ्याकडं दाखवलं, मी माझ्या गल्लीत परत आलो, बिलकुल काई बिघडलं न्हाई. तुमच्याकडं दाखवलं असतं तर तुमची नोकरी, तुमची खोली, समदं गेलं असतं. मंग भुजंग मला भंगारवाला म्हन्ला तर म्हन्ला. दोस्तच तर व्हता."

नंतर त्यानं रेणूचा डबा ऐकायला मागितला, म्हणून मी तिला डबा आणि गिटार घेऊन दुकानात बोलावलं. हेडफोन लावून बत्तीसच्या बत्तीस ऐकले, चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. मग म्हणाला, "डबा चांगला हाय. पण कानात वाजतो म्हणून गुन्याचा वाटतो. गिटार आन डबा समोरासमोर बसलेच न्हाईत, तर भांडतील कसे?" आणि मुलाला हाक मारून त्यानं माळ्यावरून एक खोका खाली काढायला लावला. वर जुनं चादरीचं कापड, धूळ नाही. तुझा ॲम्प. दर महिन्याला एकदा चालू करतो म्हणाला, न्हाई तर व्हॉल्व्ह मरतात.

मी तुला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. इतकी वर्षं मला काहीच माहीत नव्हतं, असं मी वर लिहिल्यासारखं झालंय. ते पूर्ण खरं नाही. त्या दिवशी गिटार माझ्या हाती देताना इब्राहीमनं माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला विसरता आलं नाही. सकाळी मी काहीतरी काढलं आणि दुपारी काहीतरी बिघडलं, एवढं जोडायला सायन्स लागत नाही. मी ते जोडलं नाही, कारण जोडलं असतं तर बाबांना सांगावं लागलं असतं. मी माझी खोली आणि माझा वर्ग राखला, आणि तुझी गिटार कपाटावर ठेवून दर वर्षी खोळ धुतली. पोरांना मी तीस वर्षं खरं बोला म्हणून शिकवलं.

तुझं कार्ड आलं नसतं तर कदाचित आताही लिहिलं नसतं. पण ज्या लाकडानं तुझं हसं केलं म्हणतोस, त्याचा काही दोष नव्हता. इब्राहीमचा नव्हता, तुझाही नव्हता. ते तू रेणूला नाही म्हणण्याआधी तुला कळायला हवं. चार डिसेंबरला, रविवारी, दुपारी तीन वाजता तिच्या कॉलेजचं संमेलन आहे. तिला लाल डबाही हवा आहे आणि इब्राहीमचा ॲम्पही. दोन्ही कसे जोडायचे यावर त्या दोघांचं फोनवर रोज भांडण चालतं. तू नको म्हणालास तर ती वाजवणार नाही, तसं तिनं मला सांगितलंय, न रडता, पण नाकात बोलत. बाबा पुढच्या खुर्चीत बसले होते तसा तू बस. फक्त उठू नकोस. आणि त्याआधी शनिवारी जालन्याला उतर. गिटार सध्या रिकामी आहे. रेणूनं भरलेला कापूस इब्राहीमनं चिमट्यानं काढून टाकला, "ह्यो जखमेचा कापूस, लाकडाचा न्हाई" म्हणून, आणि घरचा पिंजून आणून दिला. मी भरायला सुई घेतली तर त्यानं हातच जोडले. "आपा, मेहरबानी करा, तुमी ह्या कामाला हात लावू नका." आम्ही दोघं म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग तो म्हणाला, "तवा भुजंगला न सांगता भरला, ती चूक माझी. आता त्यालाच भरू द्या." कापसाची पुडी कपाटावर, गिटारीशेजारी ठेवली आहे. तिला मी हात लावलेला नाही.

तुझीच,
दुर्गाअक्का