विहिरीत सोडलेला मंत्राचा डबा

गुरुवार, दिवेलागण

आज वैशूने शाळेतून नवा शब्द आणला, ई-कचरा. म्हणे, "इलेक्ट्रॉनिकमधला ई, आई. विजेवर, सेलवर चालणारी वस्तू बिघडली का ई-कचरा."

"अन् देवाची असली तर?"

"देवाची असली तरी आत शिसं राह्यतेच!"

तेव्हापासून जिवाला चैन नाही. देवघरातला मंत्राचा डबा, सेलवर मंत्र म्हणणारा, परवा बंद पडला, त्याला कचऱ्यात कसं टाकू? म्हणून मीच हळद-कुंकू वाहून निर्माल्यासोबत विहिरीत सोडला होता. सेलसकट. वैशूचे बाबा हसले, "उद्या गळ टाकून काढतो." पण शेजारच्या काकू तेच पाणी पितात. निदान सेल तरी काढायचे होते... पाया पडून सोडला म्हणून पाणी चांगलं राहील काय? काकू बोलतील, बोलू दे. आत्ताच सांगून येते.