पाच तारखेचे चाळीस हजार

हदगाव
रविवार, सकाळ

प्रिय रविकिरण,

हे पत्र मी तुझ्याच घरातून लिहितोय. कागद तुझ्या बहिणीच्या, मंजुश्रीच्या वहीचे आहेत. लिहून झालं की ती त्यांचे फोटो काढून मेलबर्नला माझ्या लेकीला, वर्षाराणीला पाठवणार, वर्षाराणी ते छापून घेणार आणि तुझी बसम्माकाकू ते तुझ्या हातात देणार. तू फोन बंद करून ठेवलास, म्हणून एवढा खटाटोप. तुझ्या घरी मी काय करतोय हा प्रश्न तुला पडला असेल. तरी मधेच फाडू नकोस. सगळं वाच.

आपली ओळख झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. मेलबर्नच्या त्या किराणा दुकानात तांदळाची पोती रचता रचता तू फोनवर कुणाला तरी म्हणालास, "काय करून राहिला रे?" आणि मी डाळीचा पुडा हातात घेऊन जागच्या जागी उभा राहिलो. चार वर्षांत मेलबर्नमध्ये ही बोली कानावर पडली नव्हती. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी. हदगावची माणसं कशी बोलतात ते मला कुणी शिकवायला नको. तू दुकान सुटल्यावर मला घरापर्यंत सोडायला आलास. बसम्मानं तुला भाकरी वाढली, आणि तू चौथी भाकरी मागितलीस तेव्हा ती इतकी खूश झाली की मला वाढायचं विसरली.

तुला ठाऊक आहे, माझं पेन्शन नांदेडच्या बँकेत जमा होतं. ते मेलबर्नला आणायचं म्हणजे केवढा उपद्व्याप! पहिल्यांदा साठ हजार पाठवले तेव्हा सीएच्या दाखल्यासकट साडेचार हजार वाटेतच गेले. बँकेचं कमिशन, त्यावर जीएसटी, मधल्या कुठल्याशा बँकेची कात्री, आणि डॉलरचा भाव लावला तोही बाजारापेक्षा वाईट. वर्षाराणी म्हणायची, बाबा, पैसे तिकडेच राहू द्या, इथं तुम्हाला काय कमी आहे? कमी काहीच नव्हतं. पण नातवाला आइस्क्रीम घ्यायलासुद्धा लेकीकडे पैसे मागायचे, हे मला जमत नव्हतं. तिनं कधी नाही म्हटलं नाही, म्हणून तर आणखीच जमत नव्हतं.

मग तो मार्ग तूच सुचवलास. तू घरी दरमहा चाळीस हजार पाठवायचास, मंजुश्रीच्या लातूरच्या कॉलेजसाठी आणि होस्टेलसाठी. तुझेही त्यात पैसे कापले जायचे. ठरलं असं की पाच तारखेला मी नांदेडच्या खात्यातून तुझ्या बाबांना चाळीस हजार पाठवायचे आणि तू त्या दिवशीच्या भावानं तेवढे डॉलर पाकिटात घालून मला द्यायचे. ना फी, ना फॉर्म. वर्षाराणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे नियमात बसत नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगाल?" मी तिला 'बंद केलं' असं सांगितलं आणि चालूच ठेवलं. खरं सांगू? ते पाकीट हातात आलं की मला पुन्हा नोकरीत असल्यासारखं वाटायचं.

वर्षभर सुरळीत चाललं. या एप्रिलमध्ये तू रिकाम्या हातानं आलास. दुकानाच्या गोदामात खोकी उचलताना खांदा गेला होता, कामावरून काढलं होतं. "पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो काका, फक्त बाबांना कळू देऊ नका." मी हो म्हणालो आणि पैसे पाठवले. मे महिन्यातही पाठवले. मी तुझ्यावर दया केली असं समजू नकोस. मी घाबरलो होतो. पैसे थांबले असते तर तुझ्या बाबांचा फोन आला असता, बोभाटा झाला असता आणि आपला व्यवहार वर्षाराणीपुढे उघडा पडला असता. माझी अब्रू झाकायला मी तुझं खोटं पोसलं. जूनमध्ये तर तुझ्या बाबांनीच मला फोन केला. "अप्पा, तुमच्यामुळं लेकाचा पैसा वेळेवर येऊन राहिला. लई उपकार हायेत." त्यानंतर मला थांबताच येईना. असे सात महिने गेले. बसम्माला मी सांगत राहिलो की बँकेत काहीतरी अडकलंय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तू स्टेशनवर भेटलास. दाढी वाढलेली, थंडी नसताना अंगावर जाड जॅकेट. तुझं मेलबर्नचं कॉलेज जूनमध्येच सुटलंय, विद्यार्थी व्हिसा अठ्ठावीस नोव्हेंबरला संपतोय, हे तू तिथं पहिल्यांदा सांगितलंस. आणखीही एक वाक्य बोललास आणि गाडी आली तसा निघून गेलास. मला हयातीच्या दाखल्यासाठी नांदेडला यायचंच होतं. आता तो मोबाइलवरही होतो, पण मित्रांना भेटायला म्हणून मी दर नोव्हेंबरला येतो. या खेपेला मात्र विमानात तुझं ते वाक्य कानातून जाईना. मंगळवारी उतरल्यापासून तुला फोन लावतोय, बंद.

परवाच्या बुधवारी पाच तारीख होती. बँकेतला दाखला आटोपून मी तिथल्याच बाकावर बसलो आणि मोबाइलवर तुझ्या बाबांचं नाव काढलं. चाळीस हजार लिहिले. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. कितीतरी वेळ अंगठा तसाच अधांतरी धरून बसलो. मग फोन खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हदगावची बस धरली.

तुझ्या घरच्यांनी माझं काय स्वागत केलं, पोरा! तुझे बाबा फवारणी पंपाचं दुकान बंद करून स्टँडवर घ्यायला आले. माझी पिशवी मला धरू देईनात. तुझ्या मायनं पुरणाचा घाट घातलेला. मंजुश्री लातूरहून आली होती. मला वाटलं माझ्यासाठी, तर तसं नव्हतं. जेवताना तुझे बाबा म्हणाले, "बरं झालं अप्पा, तुम्ही आलाव. रविवारी तामसा गावचे पाव्हणे यायलेत. पोरगी नर्स हाय. आपल्या रवीला तिकडं शोभंल. तुम्ही दोन शब्द सांगितले तर वजन पडंल." आणि तुझी माय नवी साडी दाखवायला आत गेली.

पुरणपोळी माझ्या ताटात तशीच राहिली. मी स्वतःशी घोकत आलो होतो की शांतपणे, एकेक करून सांगायचं. पण तोंडातून निघालं ते एकदमच: रवीला सात महिने काम नाही, कॉलेज सुटलंय, पाठवत होतो ते पैसे माझे होते.

तुझे बाबा ताटावरून उठले, हात धुतले आणि दुकानाकडे चालायला लागले. मी मागोमाग गेलो. त्यांनी शटर वर केलं, एक पंप पुढ्यात ओढला आणि वायसर बदलायला बसले. मी उभाच. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सात महिने तुम्ही काय करून राहिले होते, अप्पा? मी इथं गावभर सांगून राहिलो, लेकानं धाडले, लेकानं धाडले. आन् लेक तिकडं उपाशी?" मी म्हणालो, माझं चुकलं. ते म्हणाले, "तुमचं चुकलंच. पैसे धाडले हे न्हाई चुकलं. सांगितलं न्हाई, हे चुकलं." मग फोन उचलून माझ्यादेखत त्यांनी तामशाला लावला. "पाव्हणं, येऊ नका. पोराला नोकरी न्हाई, शिक्षण बी सुटलंय. तुमची पोरगी चांगली हाय, तिला दुसरं स्थळ बघा." बस, एवढंच. कसली सबब नाही, आडपडदा नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी नुकताच बसवलेला वायसर काढला आणि पुन्हा तोच बसवला.

घरी आलो तर तुझी माय मोबाइल घेऊन बसलेली. "अप्पा, तुम्ही त्याला कवा पाह्यलं?" अकरा दिवसांपूर्वी, मी म्हणालो. तिनं तुझे मेसेज दाखवले. रोज तेच: जेवलो माय, कामात आहे. शेवटचा मेसेज गेल्या रविवारचा. त्यानंतर चार दिवस काहीच नाही. "मला वाटलं, काम लई असंल," ती म्हणाली. तेव्हा मात्र मी बसम्माला फोन लावून सगळं सांगून टाकलं, सात महिन्यांसकट. तिनं फक्त विचारलं, "त्याची खोली कुठं आहे?"

पुढचे दोन दिवस कसे गेले ते तुला काय सांगू. फोन वाजला की आम्ही चौघंही उठायचो. तू सामान घेऊन खोली सोडलीस, एवढंच तुझ्या सोबत्याला माहीत होतं. वर्षाराणीनं दवाखान्यांत चौकशी केली, पोलिसांत कळवलं. पोलिसांत कशासाठी, हे तुझ्या मायपुढे आम्ही मोठ्यानं बोललोही नाही. शेवटी बसम्माच म्हणाली, नांदेडकडचं पोरगं, पोटात आग पडली तर जाईल कुठं? गुरुद्वाऱ्यात बघू. काल तू तिला तिथं दिसलास, लंगरच्या मागं ताटं घासताना. तिला पाहून आत निघून गेलास. ती दुपार टळेपर्यंत पंगतीत बसून राहिली, आणि अखेर तूच तिच्यासमोर वाढलेलं ताट आणून ठेवलंस. तू तिच्यासोबत आला नाहीस, म्हणून हे पत्र घेऊन ती पुन्हा तिथंच येतेय. ती खबर आली तेव्हा तुझे बाबा दुकानात होते. मंजुश्री पळत सांगायला गेली. ते शटरला डोकं टेकून लहान मुलासारखे रडले, भर रस्त्यावर, गिऱ्हाइकांसमोर. ते तुला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय.

तुझं सत्तावीस तारखेचं हैदराबादचं तिकीट काल संध्याकाळी काढलं. पैसे तुझ्या बाबांनी भरले, मला भरू दिले नाहीत. ते तुला घ्यायला विमानतळावर येणार आहेत. माझ्या दोन लाख ऐंशी हजारांचं आम्ही दोघं म्हातारे बघून घेऊ. त्यात तू पडायचं नाहीस. इथं आल्यावर लोक काय म्हणतील याचा विचार करून तू तिथं झुरला असशील. लोक दोन दिवस म्हणतील. तामशाच्या पाहुण्यांना तर आधीच कळलंय, आणि घर जागच्या जागी आहे. खांदा नांदेडला दाखवू. मग काय करायचं ते तुझं तू ठरव. दुकानातच बस असं तुझे बाबा म्हणत नाहीत.

आता ते वाक्य. त्या दिवशी गाडी येताना तू म्हणालास, "काका, मी नसलो तरी माझ्या नावानं असंच चालू ठेवा." त्या वेळी मी मान हलवली. मला वाटलं, तू गाव बदलतोयस, दुसरीकडं काम बघतोयस. तू खरं काय म्हणालास ते मला विमानात, समुद्रावर असताना कळलं, आणि तिथून मागं फिरता येत नव्हतं. त्या हलवलेल्या मानेपायी मी हे पत्र लिहितोय. मी तुला दिलेला तो शब्द मोडला आहे. या पाच तारखेला तुझ्या नावानं या घरात काहीही आलेलं नाही, आणि यापुढं येणार नाही. तुझी माय, तुझे बाबा पैशाची वाट बघत नाहीत. ती दोघं आत्ता माझ्यासमोर बसून मी काय लिहितोय ते बघतायत, आणि माय विचारतेय की त्याला तिकडं भाकरी मिळते का ते लिहिलं का. काकूसोबत घरी जा, तिच्या फोनवरून इकडं फोन लाव. नुसतं "माय" म्हण. पुढचं ती बोलेल.

तुझाच,
सिद्धरामकाका